वेगाला विलंब का?

नवा संगणक घरी यावा आणि वर्ष उलटते न उलटते तोच त्याहून वेगवान संगणक दुकानात मांडलेला दिसावा, हा अनुभव पुष्कळांच्या वाट्याला येतो. मग मनात शंका उभी राहते. हा वेगवान प्रोसेसर कारखानदाराजवळ आधीच तयार असेल काय? जुना माल खपावा म्हणून त्याने तो दडवून ठेवला असेल काय? शंका अगदीच निराधार नव्हे. तथापि विलंबाचे मूळ पुष्कळदा व्यापाऱ्याच्या पेढीत नसून पदार्थाच्या स्वभावात असते.

बंगळूरचे उदाहरण बोलके आहे. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तेथे केंद्र काढले, आणि हे शहर चिपच्या रचनेचे माहेरघर बनत गेले. पुढे इंटेलच्या तेथील अभियंत्यांनी ‘व्हाइटफील्ड’ नावाचा प्रोसेसर रचावयास घेतला. नाव शहराच्याच एका उपनगराचे. २००५ साली ते काम सोडून द्यावे लागले. त्याच केंद्रात रचलेला ‘डनिंग्टन’ बाजारात आला तो सप्टेंबर २००८ मध्ये. टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेत सहा गाभे आणि सुमारे १९० कोटी ट्रान्झिस्टर!

इतक्या पसाऱ्यात एक चूक राहिली, तर ती नंतर सुधारणे बहुधा अशक्य असते. म्हणून नमुना घडवावयाचा, तपासावयाचा, दोष आढळल्यास पुन्हा घडवावयाचा. यात महिन्यांमागून महिने जातात. १९९४ साली पेंटियम चिपच्या भागाकारात एक सूक्ष्म दोष निघाला, आणि इंटेलला सुमारे ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. २००० साली एएमडीशी चाललेल्या चढाओढीत सेकंदास ११३ कोटी स्पंदनांचा पेंटियम घाईने बाहेर पडला आणि थोड्याच आठवड्यांत परत घ्यावा लागला. घाईचे मोल असे असते.

दुसरी अडचण उत्पादनाची. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून निघालेल्या चिपा सारख्या नसतात. एकाच झाडाच्या आंब्यांची प्रतवारी करावी, तशी त्यांची वेगानुसार निवड होते. आरंभी उत्तम प्रतीच्या चिपा थोड्याच हाती येतात. सर्वांना पुरतील इतक्या निघेपर्यंत थांबणे भाग पडते.

तिसरी अडचण उष्णतेची. वेग वाढवावयाचा तर विजेचा दाबही बहुधा वाढवावा लागतो, आणि उष्णता वेगाहूनही झपाट्याने वाढते. सेकंदास ४०० कोटी स्पंदनांचा पेंटियम ४ आणण्याचा बेत इंटेलने २००४ साली सोडला, तो याच वाटेवरील एक टप्पा. त्यानंतर एकाच गाभ्याला पळविण्याऐवजी अनेक गाभे जोडण्याचा मार्ग रूढ झाला.

व्यापारी हिशेब मात्र नाकारता येत नाही. कारखान्यावर अब्जावधी डॉलर खर्ची पडतात. ते जुन्या चिपेतून वसूल व्हावेत ही इच्छा असतेच. स्वस्त प्रतीला मागणी अधिक असली, तर वेगवान चिपेवरही कमी वेगाचा शिक्का मारला जातो. परंतु दडवून ठेवण्याला मर्यादा आहे. प्रतिस्पर्धी जागा असला की साठा बाहेर काढावाच लागतो. तो झोपला की ग्राहकाला वाट पाहावी लागते. म्हणून ग्राहकाचे खरे रक्षण कारखानदाराच्या सचोटीइतकेच चढाओढ जिवंत राहण्यातही आहे.