राखाडी पोपटाचा चातुर्मास

वैनगंगेला पूर आला की कारध्याचे नाव बातम्यांत येते. भंडारा शहरासमोर, नदीच्या पैलतीरी वसलेल्या या गावी पाण्याची पातळी मोजली जाते आणि पावसाळाभर सारा जिल्हा त्या आकड्याकडे डोळे लावून असतो. २०२० च्या ऑगस्टअखेरीस आलेल्या महापुराची आठवण नदीकाठच्या दुकानदारांना करून द्यावी लागत नाही. अशा दिवसांत माल माळ्यावर चढतो, खिडक्या मिटतात, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. माणूस हे दिवस निभावून नेतो. घरात आफ्रिकेतला राखाडी पोपट पाळलेला असेल, तर त्याच्या शरीरातही याच काळात एक पातळी उतरत असते, आणि ती मात्र कोणी मोजत नाही. ही पातळी रक्तातील कॅल्शियमची.

पोपट दांडीवरून एकाएकी खाली पडतो, पंख फडफडतात, मान वाकडी होते, नखे आवळली जातात. मिनिटभराने तो पुन्हा उठून बसतो. घरची मंडळी याला फिट म्हणतात, कोणी दृष्ट काढते. खरे कारण बहुधा आहारात असते. शरीराला कॅल्शियम कमी पडले की इतर प्राणी हाडांतील साठ्यातून ते काढून रक्तात आणतात. राखाडी पोपटाला हे नीट साधत नाही. क्ष-किरण चित्रात हाडे भरीव दिसतात आणि रक्त मात्र रिकामे असते. तिजोरी भरलेली, पण किल्ली हरवलेली, अशी ही अवस्था. रक्तातील एकूण कॅल्शियम १०० मिलिलिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या खाली गेले की झटके येऊ लागतात. मादीच्या बाबतीत अंडे अडकून प्राणावर बेतते.

ही वेळ येते ती बहुतेक घरांत हौसेने. पोपटाला सूर्यफुलाच्या बिया आवडतात, म्हणून वाटी त्यांनीच भरली जाते. १०० ग्रॅम बियांत कॅल्शियम सुमारे ८० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस ६५० मिलिग्रॅमच्या आसपास. पक्ष्याला हवे असते याच्या उलट: फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम. जादा फॉस्फरसमुळे असलेले कॅल्शियमही आतड्यातून नीट शोषले जात नाही. शिवाय सोललेल्या बियांत निम्मे तेलच असते. जेमतेम ४०० ग्रॅम वजनाचा हा पक्षी वर्षानुवर्षे त्यावर वाढला, तर यकृतावर चरबी चढते. सूर्यफूल हा खाऊ आहे, जेवण नव्हे. शिकवलेला शब्द बोलल्यावर बक्षीस म्हणून दोन-चार दाणे पुष्कळ झाले.

कॅल्शियम म्हटले की आपल्याकडे प्रथम दूध आठवते, आणि दूध-पोळीची वाटी पिंजऱ्यात सरकवली जाते. पक्ष्यांना दुधातील शर्करा पचत नाही, त्यामुळे हगवण तेवढी लागते. त्याहून घातक म्हणजे पानाच्या डब्यातला चुना. तो दाहक असतो, पोपटाची जीभ आणि अन्ननलिका भाजून काढतो.

तिसरा उपाय जाणकार सांगतात तो समुद्रफेनाचा. काष्ठौषधींच्या दुकानात ही पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची वस्तू मिळते आणि पक्षी ती चोचीने खरवडून खातात. कॅल्शियम तिच्यात भरपूर आहे, यात शंका नाही. पण नाव ऐकून तिला वाळलेला समुद्राचा फेस समजणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. समुद्रफेन म्हणजे म्हाकळाच्या जातीच्या एका सागरी जीवाच्या शरीरातील कवच. शिंपल्यांच्या चुऱ्याचे आणि अंड्याच्या टरफलाचे तर नावावरूनच कळते. यांपैकी काहीही घरात आणणे ज्या श्रावकांना रुचत नाही, त्यांची अडचण खरी आहे, पण ती दूर होण्याजोगी आहे. खनिज चुनखडीपासून केलेले कॅल्शियम कार्बोनेट आणि पशुवैद्य लिहून देतात ती कॅल्शियम ग्लुकोनेटची द्रावणे यांना जीवहिंसेचा स्पर्श नसतो. वेष्टनावरील घटकांची यादी मात्र वाचून घ्यावी.

रोजच्या जेवणात सर्वांत उपयोगी ठरतो शेवग्याचा पाला. त्याच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. हादग्याचा पाला त्याहूनही सरस, मेथीही चांगली. पालक हिरवागार दिसतो, पण त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवते, म्हणून तो क्वचितच द्यावा. आणि इथेच चातुर्मास आडवा येतो. पालेभाजीवर बारीक जीव असतात म्हणून अनेक घरांत ती या काळात वर्ज्य असते. म्हणजे ज्या महिन्यांत ऊन नाही, त्याच महिन्यांत पालाही नाही. अशा घरात पोपटासाठी भेंडी उपयोगी पडते. तिच्यात कॅल्शियम थोडे असले तरी फॉस्फरसपेक्षा जास्त असते. जोडीला पिकलेली पपई, एखादा बदाम आणि पशुवैद्याने ठरवून दिलेले खनिज कॅल्शियम. कडधान्याला मोड आणणे ज्या घरात चालत नाही, तिथे ती पूर्ण शिजवून द्यावीत. पोपटांच्या आहारावरील पुस्तकांत ‘अ’ जीवनसत्त्वासाठी हमखास गाजर सांगितलेले असते. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी त्याऐवजी लाल भोपळा द्यावा, पोपटाचे काही बिघडत नाही.

जैन स्वयंपाकघर या पक्ष्याला काही बाबतींत आपसूकच मानवते. कांदा आणि लसूण पोपटाला विषारी असतात, ते येथे मुळातच नसतात. सूर्यास्तानंतर पोपट स्वभावतःच खात नाही, तेव्हा चौविहार त्याला शिकवावा लागत नाही! अव्होकॅडो, चॉकलेट आणि चहा मात्र कटाक्षाने दूर ठेवावे. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव. तरीही पिंजऱ्यात पितळी वाटी ठेवू नये. पितळेत जस्त असते, जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेवरही ते असतेच, आणि पोपट दिवसभर चोचीने धातू कुरतडतो. जस्ताच्या विषबाधेनेही तो लुळा पडतो व दोष उगाच कॅल्शियमवर जातो. स्टेनलेस स्टीलची वाटी बरी.

एवढे सगळे पोटात गेले तरी काम पुरे होत नाही, कारण आतड्यातून कॅल्शियम रक्तात जायला ‘ड’ जीवनसत्त्व लागते. त्याचे दोन प्रकार आहेत. वनस्पती व अळंबीपासून मिळणारा ड-२ माणसाला चालतो, पक्ष्याच्या शरीराला तो फारसा वापरता येत नाही. ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्नेहापासून काढतात. मसाल्यातील दगडफूल ज्या वर्गातले, त्या वर्गातील लायकेनपासून तयार केलेला ड-३ ही बाजारात आहे. थेंब आपल्या अंदाजाने देऊ नयेत, अतिरेकाने मूत्रपिंडे निकामी होतात. ज्यावर कोणताच आक्षेप घेता येणार नाही असा मार्ग उन्हाचा. मायकेल स्टॅनफर्ड या ब्रिटिश पशुवैद्यांनी पाळीव राखाडी पोपटांवर केलेल्या अभ्यासात, अतिनील-ब किरण देणारा दिवा लावल्यावर त्यांच्या रक्तातील क्रियाशील कॅल्शियम वाढलेले आढळले. दक्षिण अमेरिकेतील पायोनस जातीच्या पोपटांत तसा फरक दिसला नाही. राखाडी पोपट विषुववृत्तालगतच्या अरण्यातला. बारमाही कडक सूर्याखाली त्याची घडण झाली, त्यामुळे उन्हावरचे त्याचे अवलंबित्व समजण्यासारखे आहे.

खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उजेड देते, हे किरण देत नाही. पिंजरा गच्चीवर किंवा अंगणात सकाळच्या उन्हात अर्धा तास ठेवावा, एक कोपरा सावलीत राहील असा, आणि मांजर-घारीपासून राखण करायला कोणीतरी जवळ बसावे. विदर्भाच्या वैशाखात सकाळी आठनंतर पक्षी बाहेर ठेवणे ही क्रूरताच होय. पावसाळ्याचे चार महिने पक्ष्यांसाठी बनवलेला अतिनील दिवा लावणे हाच इलाज. तो जळताना दिसत असला तरी त्यातील किरण काही महिन्यांत क्षीण होतात, म्हणून निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदलावा लागतो. दुकानातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आठवड्यातून एकदा घरात आणून पोपटाचे वजन वहीत टिपले, तर कोणतेही आजारपण डोळ्यांना दिसण्याआधी आकड्यांत दिसते.

नवा पोपट विकत घ्यावा का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचे उत्तर नाही असेच द्यावेसे वाटते. पाळीव बाजारासाठी झालेल्या धरपकडीने व जंगलतोडीने घानात १९९२ नंतर या पक्ष्याची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. जंगलातून पकडलेल्या राखाडी पोपटांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून बंदी आहे. आपला हिरवा पोपट पाळणे तर वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. ज्यांच्या घरी राखाडी पोपट आधीच आहे, त्यांना २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ संकेतस्थळावर त्याची नोंद करावी लागते. जन्म, मृत्यू आणि हस्तांतरही कळवावे लागते. हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षे जगतो. वडिलांनी हौसेने आणलेला पोपट मुलाच्या गादीवर बसण्याच्या काळातही घरात असतो, म्हणून त्याचे कागद दुकानाच्या कागदांसोबतच जपलेले बरे.

झटका आलाच, तर पोपटाला टॉवेलमध्ये हलकेच गुंडाळून अंधाऱ्या, ऊबदार खोक्यात ठेवावे. चोचीत पाणी किंवा औषध घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. कारध्याहून साठेक किलोमीटरवर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून पक्ष्यांवर उपचार करणारे वैद्य त्या वेळी आहेत का, हे विचारून घ्यावे. कॅल्शियमचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर पोपट बहुधा काही तासांतच दांडीवर बसतो. वैद्य पुढचे विचारतात ते वाटीत काय असते आणि पिंजरा कुठे टांगलेला असतो हे, तेव्हा पिंजऱ्याच्या जागेचे एक छायाचित्र आणि रोजच्या खाण्याची यादी सोबत न्यावी.