कामावरचा अपघात आणि वकिलाचे काम

वकील म्हटला म्हणजे तालुक्याच्या गावी डोळ्यांपुढे उभी राहतात ती बांधाची भांडणे, भाऊबंदकीची वाटणी, नाही तर एखादा फौजदारी खटला. कामावर हात तुटलेल्या मजुराचा किंवा धुळीने छाती गेलेल्या कामगाराचा वकील आपल्या फारसा ओळखीचा नाही. या शाखेत पैसा थोडा आणि नावलौकिक त्याहून थोडा. पक्षकार बहुधा विधवा असते किंवा खाटेला खिळलेला माणूस असतो. समोर कारखाना किंवा विमा कंपनी असते. तरीही परंडा, भूम, वाशी, कळंब या भागाला या वकिलाची गरज इतर कोणत्याही वकिलापेक्षा कमी नाही. ऊसतोडीच्या टोळ्या इथूनच निघतात, साखर कारखान्यांची धुराडी इथेही आहेत, आणि वीटभट्टी, विहिरीचे खोदकाम, खडी फोडणे ही कामे तर प्रत्येक गावाला आहेत. शिवाय या शाखेतील अलीकडच्या काळातला एक मोठा निर्णय आपल्याच जिल्ह्यातल्या एका रखवालदाराच्या मृत्यूवरून झालेला आहे. तो समजून घेण्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल.

इंग्लंडमध्ये १८३७ साली एका खाटिकाच्या नोकराने मालकावर दावा लावला. मालाची गाडी अति भरल्याने मोडली आणि नोकराची मांडी जायबंदी झाली. न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. पुढे याच निर्णयातून एक सिद्धांत वाढला, तो असा की, सोबतच्या नोकराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. नोकरीत शिरताना माणूस तो धोका पत्करूनच शिरतो. गिरण्या आणि खाणी वाढत गेल्या तसा हा सिद्धांत हजारो कामगारांच्या आड आला. जखमी माणसाने आधी मालकाची चूक सिद्ध करायची, तीही मालकाच्याच कारखान्यात आणि मालकाचेच नोकर साक्षीला घेऊन! अखेर १८९७ साली तिथल्या पार्लमेंटने कामगार भरपाईचा कायदा करून पायाच बदलला. चूक कुणाची हा प्रश्न त्याने बाजूला ठेवला. इजा कामातून आली का, एवढेच विचारायचे ठरले.

हाच पाया आपल्याकडे १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने घातला. १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्या काळी केंद्रीय विधिमंडळात कामगारांची बाजू नारायण मल्हार जोशी मांडत असत. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे आपोआप लागू होत नव्हता. संस्थान १९४८ साली भारतात सामील झाल्यानंतरच देशाच्या कायद्यांची वाट इथवर आली. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः ग्रेज इनचे बॅरिस्टर होते. त्यांच्या त्या काळातच प्रा. आदरकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखली आणि तिच्यावरून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. पण त्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले होते, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत साखर व गूळ यांचे नाव घालूनच ठेवले होते. त्यामुळे साखर कारखान्याच्या कामगाराला खरा आधार राहिला तो १९२३ च्या कायद्याचाच.

त्या कायद्याचा प्राण एका वाक्यखंडात आहे. अपघात ‘नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात’ घडलेला असावा. ऐकायला हे शब्द सोपे वाटतात, पण शंभर वर्षे वकील त्यांवर भांडत आले आहेत. यंत्रात हात सापडला तर वाद नाही. पण कामगार कामावर निघाला आहे आणि वाटेतच घात झाला, तर तो नोकरीच्या ओघात म्हणायचा का? नोकरी कारखान्याच्या फाटकाशी सुरू होते की घराच्या उंबऱ्याशी? १९५८ साली सौराष्ट्रातील एका मिठागराच्या कामगारांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कामावरून परतताना खाडीत नाव उलटून ते बुडाले होते. न्यायालयाने एक तत्त्व मान्य केले की, नोकरीची हद्द फाटकाच्या थोडी बाहेर, कल्पनेने, वाढवता येते. मात्र सार्वजनिक वाटेवर आणि सार्वजनिक नावेत ती वाढत नाही, असे म्हणून दावा नाकारला.

पुढचे पाऊल मुंबईत पडले. बेस्टचा एक बसचालक २० जुलै १९५७ रोजी जोगेश्वरीच्या आगारात काम संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने सांताक्रुझला घरी निघाला. वाटेत बस उभ्या ट्रकवर आदळली आणि काही दिवसांनी तो वारला. काम तर संपले होते. मग भरपाई कशाची? भरपाई आयुक्तांनी अर्ज नाकारला, उच्च न्यायालयाने मान्य केला, आणि १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने विधवेच्या बाजूने कौल दिला. बेस्टची सेवा साऱ्या शहरभर पसरलेली. चालकाने वेळेवर यावे-जावे म्हणूनच त्याला बसमधून प्रवासाची सवलत दिलेली. तेव्हा तो प्रवास सेवेचाच भाग झाला, असा त्यातला विचार होता. वकिलाचे कसब इथे दिसते. ‘गरीब आहे, दया करा’ असे म्हणून हा खटला जिंकता आला नसता. सेवेच्या अटी, सवलतीचा हेतू आणि प्रवास यांचा दुवा जोडून दाखवावा लागला.

आता आपल्या जिल्ह्याचा खटला. एका साखर कारखान्याच्या रखवालदाराची पाळी पहाटे ३ ते सकाळी ११ अशी होती. २२ एप्रिल २००३ रोजी तो पाळीवर निघाला असता कारखाना सुमारे पाच किलोमीटर राहिला असताना अपघात होऊन जागीच गेला. मागे पत्नी, मुले आणि म्हातारी आई. उस्मानाबादच्या भरपाई आयुक्तांनी २००९ साली कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि वर्षाला १२ टक्के व्याज मंजूर केले. विमा कंपनी अपिलात गेली, आणि डिसेंबर २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. कारण हेच की, माणूस कामावर पोहोचलाच नव्हता. कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने आयुक्तांचा निर्णय पुन्हा उभा केला.

न्यायालयाची मांडणी अशी. राज्य कामगार विमा कायद्यात २०१० साली एक कलम घालण्यात आले होते. घर आणि कामाची जागा यांच्या दरम्यान येता-जाता झालेला अपघात, वेळ, जागा व परिस्थिती यांचा कामाशी दुवा असेल तर, नोकरीतलाच समजावा, असे ते सांगते. दोन्ही कायदे एकाच हेतूचे, दोन्हींतले शब्द तेच. तेव्हा एकात त्यांचा जो अर्थ तोच दुसऱ्यातही. शिवाय ते कलम जुन्या शब्दांचा खुलासा करणारे असल्याने २००३ च्या अपघातालाही ते लावता येते. पहाटे ३ ची पाळी गाठायला रात्रीच घर सोडणारा रखवालदार कामाखेरीज दुसऱ्या कशाला निघाला असणार? पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हे तत्त्व कायद्याच्या शब्दांतच घातले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली आणि १९२३ च्या कायद्याची जागा तिने घेतली.

भरपाईची रक्कम कशी निघते, हेही जाणून घ्यावे. कारण ‘कोर्टाला वाटेल ते मिळते’ असा समज सर्वत्र आहे. १९२३ च्या कायद्याने हिशेब बांधून दिलेला होता. मृत्यू झाला असेल तर महिन्याच्या पगाराचा निम्मा हिस्सा घ्यायचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने तो गुणायचा. वय कमी तितका गुणक मोठा. विसाव्या वर्षी तो २२४, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. पगार कितीही असला तरी हिशेबापुरती त्याला वरची मर्यादा असे. २००३ साली ती ४,००० रुपये होती. वरच्या खटल्यातील रक्कम या कोष्टकाशी ताडून पाहा. ४,००० चा निम्मा २,००० आणि ४७ वयाचा गुणक १६३.०७, गुणाकार बरोबर ३,२६,१४०. कायमचे अपंगत्व आले तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरीत. पण इथे वकिलाला आणखी एक लढाई असते. अपंगत्व मोजायचे ते शरीराचे की कमाईचे? एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली सांगितले की, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाची कमाई शंभर टक्के बुडाली. तोच हात कारकुनाचा असता तर उत्तर वेगळे आले असते.

अपघाताला निदान तारीख असते. रोगाला ती नसते, आणि या शाखेतले सर्वांत कठीण काम तेच. कापसाच्या धुळीने गिरणी कामगारांना होणारा छातीचा विकार सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी करतो. दगडाच्या बारीक धुळीने होणारा सिलिकोसिस तर कित्येक वर्षांनी डोके वर काढतो. आपल्याकडे आणखी एक रोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. उसाचा चोथा, म्हणजे कारखान्यातले बगॅस, ढिगात साठून बुरशी धरते. त्याची धूळ छातीत जाऊन ताप, खोकला आणि दम लागतो. याला बगॅसोसिस म्हणतात. १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत या तिन्ही रोगांची नोंद होती, आणि नव्या संहितेतही व्यावसायिक रोगांची यादी अनुसूची म्हणून जोडलेली आहे. यादीत नाव असण्याचा फायदा मोठा. ठरलेल्या कामावर ठरलेला काळ काढला असेल तर तो रोग कामातूनच आला असे कायदा धरून चालतो. तसे नाही हे मालकाने दाखवायचे. पण डॉक्टरने साधा दमा किंवा क्षय एवढेच लिहून औषध दिले, तर ही किल्ली हातातून जाते. म्हणून रोग्याने आपण कोणते काम किती वर्षे केले हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. आणि प्रत्येक कामगाराची वैद्यकीय नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सोडल्यापासून १५ वर्षे, यांतील जो काळ उशिरा संपेल तोवर, जपून ठेवण्याचा आदेश त्या कारखान्यांना दिला. असा रोग किती मागून येतो, हे या आकड्यांवरूनच कळावे.

सर्वांत अवघड जागा मात्र ऊसतोडीची आहे. मजूर उचल घेतो ती मुकादमाकडून. त्याने तोडलेला ऊस जातो कारखान्याला. ट्रॅक्टरखाली पाय गेला की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. जुन्या कायद्याच्या बाराव्या कलमाने यावर मार्ग ठेवला होता. आपल्या धंद्याचा भाग असलेले काम कोणी ठेकेदारामार्फत करून घेत असेल, तर भरपाईला मूळ मालकच जबाबदार. त्याने ती मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी. परंतु काम त्या धंद्याचा भाग होते, हे पुराव्याने दाखवावे लागते, आणि पुरावा कुठे असतो? उचल तोंडी, हजेरी मुकादमाच्या वहीत, मजुरी टनावर. त्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. अपघात बाईला झाला तर तिचा महिन्याचा पगार कोणता? कागदावर तिचे नावसुद्धा नसते. हिशेबाची जी सोपी रीत वर सांगितली तिला आधार पगाराचा. इथे तो आधारच गायब.

म्हणून या शाखेतला जाणता वकील कोर्टात बोलतो थोडे आणि कागद शोधतो फार. टोळीतल्या माणसांची नावे, उसाच्या वजनाची पावती, वाहनाचा क्रमांक, दवाखान्याचा पहिला केसपेपर, पोलिसांचा पंचनामा यांवर खटला उभा राहतो किंवा पडतो. दवाखान्यात कुणी घाईत ‘घरी पडला’ असे लिहून घेतले, तर ते एक वाक्य पुढे दहा वर्षे आडवे येते. दिरंगाईही करू नये. १९२३ च्या कायद्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत होती, आणि उशीर झाल्यास सबळ कारण दाखवावे लागे. वकिलाच्या फीची भीती बाळगण्याचेही कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगाराला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो.

रखवालदाराच्या कुटुंबाला न्याय मिळाला खरा, पण २००३ ते २०२५ अशी बावीस वर्षे गेली. बापाच्या मृत्यूच्या वेळी जी मुले लहान होती ती एवढ्या काळात संसाराला लागतात. व्याज मिळते, शाळेची गेलेली वर्षे परत मिळत नाहीत. कायदे करणाऱ्यांनी चुकीचा प्रश्न बाजूला सारला तो भरपाई लवकर मिळावी म्हणूनच. तो हेतू अजून निम्माच साधला आहे. उरलेला निम्मा कोर्टाच्या हातात आहे, तसाच तो गावातल्या शिकलेल्या माणसाच्याही हातात आहे. टोळी गाडीत बसण्याआधी नवरा आणि बायको अशी दोन्ही नावे, ठरलेली मजुरी आणि कारखान्याचे नाव एका कागदावर लिहून त्यावर मुकादमाची सही घेणे हे काम अर्ध्या तासाचे आहे. पुढे वाईट वेळ आलीच, तर वकिलाच्या साऱ्या युक्तिवादापेक्षा तो कागद अधिक बोलेल.