आधी चाप झाका

रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला दसऱ्याच्या उत्सवात पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेला हा मान बघायला सगळी पंचक्रोशी लोटते. तिथे बंदुका उघड्या असतात आणि उघड्याच शोभतात. परवानाधारक नागरिकाला मात्र कायदा नेमके उलटे सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेऊन सार्वजनिक ठिकाणी जायचे, तर ते अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासारख्या पिशवीत हवे, पूर्ण झाकलेले हवे आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवे. वरातीत शर्ट वर करून मूठ दाखवणारा माणूस हा नियम मोडत असतो. आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडली, तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

म्हणजे शस्त्र लपवून बाळगणे हा आपल्याकडे हौसेचा विषय नाही, ती कायद्याची अट आहे. तरीही अलिबागच्या जिल्हादंडाधिकारी कार्यालयात परवान्यासाठी हेलपाटे घालणारा, शस्त्रावर लाखभर रुपये खर्चणारा माणूस होल्स्टरच्या वेळी हात आखडता घेतो. मिळेल ते मऊ कापडी पाकीट घेतो आणि पँटीत खोचतो. माझा आक्षेप आहे तो इथे.

नीट न सांभाळलेले शस्त्र मालकावरच उलटते. १ ऑक्टोबर २०२४ ची पहाट आठवा. अभिनेते गोविंदा प्रवासाला निघण्यापूर्वी जुहूच्या घरी स्वतःचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर ठेवून देत होते. ते हातातून निसटले आणि गोळी त्यांच्याच पायात, गुडघ्याखाली घुसली. जीव वाचला. जुन्या घडणीच्या अनेक रिव्हॉल्व्हरांत घोडा थेट काडतुसावर टेकलेला असतो, मधे अडसर नसतो. आपटले की गोळी सुटू शकते. वडिलोपार्जित, परदेशी बनावटीचे जुने शस्त्र बाळगणाऱ्यांनी म्हणूनच घोड्याखालचे काडतुसाचे घर रिकामे ठेवायची शिस्त पाळावी.

नव्या शस्त्रांत निवड तशी मर्यादित आहे. ९ मि.मी. हा बोअर आपल्याकडे निषिद्ध, त्यामुळे नागरिकाच्या कमरेला बहुतेक वेळा .३२ असते : कानपूरचे रिव्हॉल्व्हर, अशनी पिस्तूल, किंवा २०१४ मध्ये महिलांना डोळ्यांपुढे ठेवून आणलेले, अर्धा किलोच्या आसपासचे ‘निर्भीक’. परदेशी कंपन्यांची तयार होल्स्टर यांना सहसा बसत नाहीत. कायडेक्स नावाचे कडक प्लास्टिक तापवून नेमक्या एका मॉडेलवर दाबून साचा काढतात. दुसऱ्याच पिस्तुलाच्या साच्यात आपले रिव्हॉल्व्हर कोंबले, तर ते एक तर अडकते नाहीतर खुळखुळते. आपल्या शस्त्राचा साचा मिळाला तर कायडेक्स उत्तम. नाही मिळाला तर जाड चामड्याचे, मापाने शिवलेले होल्स्टर घ्यावे. कानपूर हे चामड्याचेही मोठे केंद्र आहे, हा योगायोग ग्राहकाच्या पथ्यावर पडणारा आहे.

होल्स्टर हातात घेतल्यावर पहिल्यांदा बघायचा तो चाप. चाप आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकली गेली पाहिजे, आणि झाकणारा भाग इतका कडक हवा की बाहेरून बोटाने दाबला तरी चाप हलू नये. दुसरे बघायचे ते तोंड. शस्त्र बाहेर काढल्यावर तोंड उघडेच राहिले पाहिजे. वापरून मऊ पडलेल्या चामड्याची कड आत दुमडते, शस्त्र परत घालताना ती कड चापाच्या कडीत शिरते आणि बोट न लावता चाप दाबला जातो. परदेशात असे अपघात झाले आहेत.

आता खोल लपवण्याचे प्रकार. पँटीच्या आत बसणारे आणि वरून शर्ट खोचता येणारे होल्स्टर कचेरीत, पेढीवर बसणाऱ्याला सोयीचे. खिशातले होल्स्टर लहान शस्त्रापुरते ठीक, पण त्या खिशात किल्ल्या, नाणी काहीही नको. घोट्याचे होल्स्टर बसलेल्या माणसाच्या हाताला येते, उभ्या माणसाला वाकावे लागते. पाठीच्या मधोमध, मणक्यावर शस्त्र कधीच बांधू नये. मोटारसायकलवरून पडलात तर ते लोखंड थेट मणक्यात रुतेल. पेण ते कोलाड महामार्गावर ज्यांनी दुचाकी चालवली आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको.

परदेशी लेखांत आपले बसणे-उठणे गृहीत धरलेले नसते. त्यांच्याकडे बेंबीच्या जरा उजवीकडे, पोटावर शस्त्र ठेवण्याची पद्धत फार लोकप्रिय आहे. आपण मांडी घालून पंगतीला बसतो, पूजेला बसतो. तेव्हा नळी जांघेत रुतते आणि तिचा रोख स्वतःच्याच मांडीकडे राहतो. उजव्या कमरेच्या हाडामागे, किंचित पुढे कललेले शस्त्र मांडी घालतानाही त्रास देत नाही आणि सदऱ्याखाली दिसत नाही. वाकताना मूठ मागून उठून दिसते, तेवढे सांभाळावे लागते. नाडीच्या लेंग्यावर किंवा सलवारीवर होल्स्टर अडकवूच नये. तिथे पोटाला बांधायचा रुंद लवचीक पट्टा चालतो, मात्र चाप झाकणारे कडक कवच त्याच्या आत हवेच. पँटीला जाड, दुपदरी पट्टा लागतो. साध्या पट्ट्यावर अर्धा-पाऊण किलो वजन दुपारपर्यंत लोंबायला लागते. आणि स्वच्छतागृहात पट्टा सोडताना शस्त्र होल्स्टरमधून काढून टाकीवर ठेवायचे नाही. ते होल्स्टरमध्येच राहावे. शस्त्रे विसरतात ती अशाच जागी.

मग कोकणची हवा. रायगडात पावसाळ्यात ३,००० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात घामाने सदरा पिळून काढावा लागतो. खोल लपवलेले शस्त्र दिवसभर त्या ओलीत, कातडीला चिकटून असते. चामडे घाम पिते, त्याला बुरशी येते आणि त्यातल्या क्षारांनी पोलाद गंजते. म्हणून शस्त्र आणि अंग यांच्यामध्ये होल्स्टरचा पडदा उंच हवा. घरी आल्यावर शस्त्र रिकामे करून पुसावे, तेलाचा हलका हात फिरवावा आणि कुलपात ठेवावे. चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून महिनोन्महिने ठेवू नये. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करतानाही हीच काळजी घ्यावी.

लपवण्याची किंमत असते. शस्त्र जितके खोल, तितके ते हाती यायला उशीर. दोन हातांनी सदरा उपसावा लागतो. मला विचाराल तर आपल्याकडे हा उशीर चालण्यासारखा आहे. पेणच्या बाजारात गणपतीच्या दिवसांत खांद्याला खांदा लागतो. तिथे शस्त्र झटकन निघण्यापेक्षा ते दुसऱ्याच्या हाती न लागणे महत्त्वाचे. खरे तर अशा गर्दीत ते घरच्या कुलपातच असावे.

होल्स्टर कायमचे ठेवून घेण्यापूर्वी एक चाचणी करा. शस्त्र रिकामे करा, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा, शस्त्रातले काडतुसाचे घर पुन्हा तपासा. शस्त्र होल्स्टरमध्ये घालून गादीवर उलटे धरा आणि जोरात हलवा. मग तेच कमरेला लावून मांडी घाला, उकिडवे बसा, गाडीत बसा, जिना चढा. शस्त्र निसटले, सरकले किंवा चाप उघडा पडला, तर ते होल्स्टर कितीही स्वस्त असले तरी दुकानदाराला परत द्या.