‘बाळंतपणाची तयारी’ मोजायची कशी?

आठवा महिना लागला की घरात दुपटी, लंगोट, डिंकाचे लाडू अशी तयारी सुरू होते. सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात मात्र ‘प्रसूतीची पूर्वतयारी’ म्हटलं की वेगळी यादी निघते. बाळंतपण कुठे होणार? रात्री कळा सुरू झाल्या तर गाडी कुणाची? पैसे बाजूला ठेवलेत का? रक्त लागलं तर कोण देणार? धोक्याची लक्षणं माहीत आहेत का?

या यादीमागचा विचार समजायला थॅडियस आणि मेन यांचा १९९४ चा लेख वाचाच. माता वाचू शकत असताना का दगावते, याचं उत्तर त्यांनी तीन विलंबांत मांडलं: दवाखान्यात जायचं ठरवायला उशीर, तिथे पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळायला उशीर. प्रसूतीनंतरचा तीव्र रक्तस्राव काही तासांत जीव घेऊ शकतो, त्यामुळे यातला प्रत्येक उशीर महाग पडतो.

आता प्रश्नावली करायला बसलात की तीन अडचणी येतात.

विचारायचं कुणाला? बहुतेक वेळा आपण बाईला लक्षणं विचारतो आणि गुण देतो. पण निघायचं की थांबायचं हे सासू किंवा नवरा ठरवत असेल, तर तिचे पैकीच्या पैकी गुण पहिला विलंब टाळत नाहीत. ठरवणाऱ्यालाही विचारा.

कुठल्या गावाबद्दल? आपल्याकडे पहिलं बाळंतपण बऱ्याचदा माहेरी होतं. नोंदणी सासरच्या आशाताईंकडे, गाडीची सोय सासरच्या गावात आणि कळा येतात माहेरी! म्हणून ‘शेवटच्या महिन्यात कुठे होता?’ हा प्रश्न हवाच.

कधी? प्रसूतीनंतर विचारलं तर जिला त्रास झाला, तिला लक्षणं जास्त आठवतात. मग आकडे सांगतील की माहिती जास्त तिथे गुंतागुंत जास्त. म्हणजे कार्यकारण उलटं झालं. शिवाय जी दगावली, ती आपल्या नमुन्यात नसतेच. शक्य असेल तर आठव्या महिन्यात एकदा आणि प्रसूतीनंतर पुन्हा, असं दोनदा भेटा.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात ‘माहेरघर’ योजना आहे. दुर्गम पाड्यावरची गरोदर बाई तारखेच्या काही दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहते. यामुळे दुसरा विलंब कमी होतो. पण तिला सिझेरियन लागलं आणि त्या केंद्रात ती सोय नसेल, तर पुढचा प्रवास उरतोच. तिसरा विलंब कुठल्याही कुटुंबाच्या तयारीने भरून निघत नाही.

त्यामुळे विश्लेषणात कुटुंबाची तयारी आणि दवाखान्याची तयारी हे दोन वेगळे चल ठेवा. एकत्र केलेत, तर रक्तपेढी नसल्याचा दोष नकळत त्या बाईच्या माथी मारला जाईल.