विषारी कोण, बिनविषारी कोण?

राखोली हे दमणगंगेकाठचे गाव. पावसाळा लागला की आमच्याकडे बांधावर, कुडाच्या घरात साप निघतात. पाहणारे दोनच प्रश्न करतात : विषारी आहे का? मारू का? पहिल्याचे उत्तर ठाऊक असेल, तर दुसरा बहुधा उरतच नाही.

आधी सरड्यांविषयी. पाल, सरडा, सापसुरळी, घोरपड यांपैकी भारतात एकही विषारी नाही. विषारी म्हणून प्रसिद्ध असलेला गिला मॉन्स्टर अमेरिकेच्या वाळवंटात राहतो.

सापांपैकी मात्र चार ओळखलेच पाहिजेत. नाग फण्यावरून कळतो. घोणशीच्या (कन्नड विभागाच्या वाचकांची कोळकुमंडल) पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात; डिवचली की ती कुकरच्या शिट्टीसारखी फूत्कारते. अजगराच्या पिलाचे डाग असे ओळीने नसतात. फुरसे लहानखुरे, डोक्यावर बाणासारखी खूण, आणि वेटोळ्यात खवले घासून ते करकर आवाज करते. हे कोकणच्या कातळावर आढळते, तसेच राजस्थानच्या वाळवंटातही. तिकडचे आकाराने मोठे असते.

खरी फसगत होते ती मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्यात. मण्यार काळी, चकचकीत. तिचे पांढरे पट्टे बहुधा जोडीने असतात, ते डोक्यापासून काही अंतरावर सुरू होतात व शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात व शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. वेदना नाही, सूज नाही. म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पुढे पापण्या जड होतात आणि श्वास अडतो.

ओळख पटली नाही तरी उपचार अडत नाहीत. घोड्याला विषाची अल्प मात्रा टोचून त्याच्या रक्तापासून बनवलेली प्रतिविष लस या चौघांवरही चालते. मुंबईची हाफकिन संस्था (स्थापना १८९९) ती बनवण्यासाठी ख्यातनाम आहे. तेव्हा साप पकडत बसू नये. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. चावलेला अवयव काठीच्या आधाराने स्थिर ठेवून रोग्याला थेट इस्पितळात न्यावे.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. आमच्या पाड्यांवर आजही काहीजण आधी भगताकडे धाव घेतात. साप बिनविषारी असला तर भगताला यश मिळते; मण्यार असली तर तोच तास प्राणाशी पडतो. सुट्टीत गावी जाल तेव्हा घरच्यांना एवढे अवश्य सांगावे.