गाडीवाटची पोरं आणि जपानी बाराखडी

छत्रपती संभाजीनगर म्हटलं की वेरूळ, बीबी का मकबरा, हिमरू आणि नान-खलिया आठवतात. या यादीत आता जपानी भाषाही घालायला हवी. जपानी शिकायला पुण्या-मुंबईची महागडी शाळाच लागते, हा समज आपल्याच जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेने मोडीत काढलाय. त्याचीच ही गोष्ट, आणि सोबत जपानीबद्दलच्या काही भन्नाट गोष्टी!

निवड पोरांची, कारण रोबोट!
शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर गाडीवाट नावाचं गाव आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये इथल्या जिल्हा परिषद शाळेने चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, ‘परदेशी भाषा शिकायची तर कोणती?’ बहुतेकांनी उत्तर दिलं, ‘जपानी!’ मुलांना ओढ होती रोबोटिक्सची आणि तंत्रज्ञानाची, म्हणून जपानची भाषा हवी. शाळेकडे ना धड पुस्तक होतं, ना जपानीचा शिक्षक. इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची अ‍ॅप यांच्या जोरावर शिक्षकांनी श्रीगणेशा केला. पुढे शहरातले एक भाषातज्ज्ञ आपणहून पुढे आले आणि मुलांचे ऑनलाइन तास विनामूल्य घेऊ लागले.

फोन नाही? विषयमित्र आहे ना!
२०२० मध्ये कोरोनाने शाळांना कुलूप लावलं. स्मार्टफोन काही घरोघरी नव्हता. मग ‘विषयमित्र’ कामाला आले. ज्याने ऑनलाइन तास केला, त्याने गल्लीतल्या बाकीच्यांना शिकवायचं. एकाचा धडा चौघांना मिळाला आणि शिकवणाऱ्याचा तर पक्काच झाला. बातमी देशभर गेली.

अ, इ, उ, ए, ओ… ओळखीचं वाटतंय?
हिरागाना ही जपानी मुलांची पहिली लिपी. तिची मूळ अक्षरं ४६. सुरुवात होते अ, इ, उ, ए, ओ अशी. मग का, कि, कु, के, को. पुढच्या ओळी स, त, न, ह, म, य, र, व अशा क्रमाने लागतात. हा क्रम आपल्याला ओळखीचा वाटतो तो उगाच नाही. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत लिहिण्यासाठी सिद्धम् लिपी जपानला नेली आणि तिच्या अभ्यासातून ही मांडणी घडली असं मानतात. बाराखडी घोकलेल्या मुलाचा निम्मा गड इथेच सर होतो.

वाक्याचं वळणही आपलंच
‘मी शाळेत जातो’ हे जपानीत होतं ‘वाताशि वा गाक्को नि इकिमास’. वाताशि म्हणजे मी, गाक्को म्हणजे शाळा, इकिमास म्हणजे जातो. मधला ‘नि’ आपल्या ‘त’ प्रत्ययासारखा शाळेच्या मागेच येतो आणि क्रियापद शेवटी. आता प्रश्न विचारायचाय? ‘गाक्को नि इकिमास का?’ होय, शेवटी चक्क ‘का’! इंग्रजीच्या वाक्यरचनेत अडखळणारं मराठी मूल इथे झरझर पुढे जातं.

कांजीची भीती? जपानी मुलांनाही वेळ लागतो
कांजी म्हणजे चिनी मूळ असलेली चित्राक्षरं. रोजच्या वापराच्या अधिकृत यादीत ती २,१३६ आहेत. पण जपानी मूल पहिलीत फक्त ८० शिकतं आणि सहावी संपेपर्यंत १,०२६. तेव्हा आपल्या मुलाला वर्षभरात पन्नास-साठ आली, तर पाठ थोपटायलाच हवी.

अजिंठ्याला जपानी चित्रकार
अराइ काम्पो हे जपानी चित्रकार १९१७-१८ मध्ये अजिंठ्याला आले आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रती करून घेऊन गेले. टोकियोत ठेवलेल्या त्या प्रती १९२३ च्या महाभूकंपात नष्ट झाल्या. जिव्हाळा मात्र टिकला. अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकास प्रकल्पाला १९९० च्या दशकापासून जपानचं अर्थसाहाय्य मिळालं. जपानी पर्यटक लेण्यांत येतच असतात. त्यांना त्यांच्या भाषेत लेणी समजावून सांगणारा गाइड इथलाच का नसावा?

परीक्षा पाच पायऱ्यांची
जपानी भाषेची जगन्मान्य परीक्षा म्हणजे जेएलपीटी. एन-५ ही पहिली पायरी, एन-१ शेवटची. भारतात ती जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. आपल्याला सोयीची केंद्रं पुणे आणि मुंबई. तोंडी परीक्षा नाही, निबंध नाही. वाचायचं, ऐकायचं आणि योग्य पर्याय निवडायचा.

मदत हवी? फुकटही आहे!
जपान फाउंडेशन ही जपानी भाषा-संस्कृतीच्या प्रसारासाठीची संस्था. तिचं कार्यालय दिल्लीत आहे. तिची ‘इरोदोरी’ ही पाठ्यपुस्तकं आवाजाच्या फायलींसह मोफत उतरवून घेता येतात, तर ‘मिनातो’ या संकेतस्थळावर घरबसल्या अभ्यासक्रम करता येतात. भारत आणि जपानने २०१७ मध्ये करार करून पाच वर्षांत जपानी भाषेचे एक हजार शिक्षक घडवण्याचं उद्दिष्ट ठेवलं. त्यातून २०१८ मध्ये दिल्लीत शिक्षक-प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. सीबीएसईच्या शाळांना २००६ पासून जपानी विषयाची वाट मोकळी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांत जपानीचं नाव आहे. विज्ञानात चमकणाऱ्या शाळकरी मुलांना जपानला नेणारा ‘साकुरा सायन्स’ उपक्रमही आहे. आणि वर्गाच्या पेटीत ‘तोत्तोचान’ या जपानी पुस्तकाचा मराठी अनुवाद ठेवायला विसरू नका. जपानी शाळेची याहून गोड ओळख नाही.

जपानी शाळेला मराठी मुख्याध्यापक
योगेंद्र पुराणिक तथा ‘योगी’ हे २०१९ मध्ये टोकियोतल्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. पुढे ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. जपानी मुलांच्या शाळेचा कारभार मराठी माणसाच्या हाती! भाषा आली की किती दारं उघडतात, त्याचा हा नमुना.

नोकरीची वाट बिडकीनवरून
जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने संभाजीनगरात सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. जागा ‘ऑरिक’ या औद्योगिक शहराच्या बिडकीन पट्ट्यात. अशा कंपनीत मशीन जाणणारा आणि जपानीही बोलणारा तरुण भाव खाऊन जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता पाळी तुमच्या शाळेची
शिक्षकहो, आठवड्यातून दोन तास काढा. एक स्पीकर, एक फोन आणि ‘इरोदोरी’चा पहिला धडा एवढ्यावर सुरुवात होते. पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडा. शहरात जपानी येणारे असतील, त्यांनी जवळच्या जिल्हा परिषद शाळेला महिन्यातून एक तास द्यावा. गाडीवाटने पैशांची वाट पाहिली नाही, मुलांचं ऐकलं. तुम्हीही उद्या वर्गात तोच प्रश्न विचारा आणि उत्तर आलं की त्याच आठवड्यात कामाला लागा.