जुन्या मोटारीची शिदोरी

मे महिन्याची दुपार आहे. अमरावतीहून नागपूरकडे निघालेली जुनी ‘प्रीमियर पद्मिनी’ मोझरी ओलांडून तिवशाच्या अलीकडे बंद पडली. कुर्ल्याला तयार होणाऱ्या या गाडीचे उत्पादन 2000 सालच्या सुमारास थांबले. तिचे सुटे भाग वाटेत कोठून मिळणार? मग डिकीत काय असावे?

पाने, पेचकस, जॅक आणि पंख्याचा जादा पट्टा हवाच; त्या पट्ट्यावरच पाण्याचा पंप व डायनमो फिरतो. शिवाय तीन साध्या वस्तू ठेवा : पाण्याचा डबा, सुती फडके आणि दोन फुटी लोखंडी नळी.

फडके कशाला? या गाडीचा पेट्रोल-पंप तापलेल्या इंजिनाला लागून असतो. तेथे पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव पुढे ढकलतो. वाफ मात्र नुसतीच दबते आणि कार्बुरेटर कोरडा राहतो. पंपावर ओले फडके गुंडाळा. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते सुमारे 580 कॅलरी उष्णता ओढून घेते. वऱ्हाडातील उन्हाळी हवा कोरडी, म्हणून हे काम झपाट्याने होते. माठातले पाणी गार होते तेही असेच.

नळी पान्याच्या दांड्यावर चढवली, की तरफेची भुजा वाढते. 20 सेंटिमीटरची 60 झाली, तर तेवढ्याच जोराने फिरवण्याचा परिणाम तिप्पट होतो व गंजलेला नट सुटतो.

मात्र गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. दाबाखालचे पाणी 100 अंशांच्या वर तापूनही द्रव राहू शकते. झाकण निघताच दाब उतरतो आणि ते एकदम उकळून अंगावर येते. इंजिन निवेपर्यंत थांबा. शिदोरीत धीरही हवा!